आरोप, चौकशी आणि निवासी शाळेचा विनय

निवासी शाळेत पालक आपले मूल ठेवून जातात, तेव्हा ते केवळ शिक्षणाची जबाबदारी सोपवत नाहीत. रात्री ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवणार, अंघोळीच्या वेळी लहानग्यांकडे कोण पाहणार, भीती वाटली तर मूल कोणाचे दार वाजवणार, हे सारे त्या सोपवण्यात येते. अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी, पहारेकरी आणि शिक्षक ही माणसे रात्रंदिवस मुलांच्या सान्निध्यात वावरतात. म्हणूनच अशा प्रत्येक संस्थेने एका अवघड प्रश्नाचा विचार आधीच करून ठेवला पाहिजे. मुलाशी गैरवर्तन केल्याचा आरोप एखाद्या कर्मचाऱ्यावर आला आणि तो कर्मचारी वस्तुतः निर्दोष असला, तर संस्थेने काय करावे?

हा प्रश्न विचारतानाही संकोच वाटतो, आणि तो रास्त आहे. ‘आरोप खोटा आहे’ हे वाक्य निर्दोष माणूस उच्चारतो तसेच अपराधीही उच्चारतो. संस्थेचे नाव जपण्यासाठी हेच वाक्य पुढे करून मुलांची तोंडे बंद केल्याची उदाहरणे आपल्या राज्यात घडलेली आहेत. दुसऱ्या बाजूला, आरोप होताच ज्याचे सामान वसतिगृहाबाहेर फेकले गेले, ज्याच्या मुलांना त्याच शाळेत मान खाली घालून बसावे लागले आणि पुढे ज्याच्याविरुद्ध काहीच आढळले नाही, अशा माणसाची यातनाही खरी असते. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, आरोप खरा की खोटा हे मुख्याध्यापकांच्या दालनात ठरवायचे नसते. मुलाला संरक्षण देणारी जी कार्यपद्धती आहे, तीच निर्दोष कर्मचाऱ्याचेही रक्षण करते. ती मोडली की दोघेही उघड्यावर येतात.

दब्ब मल्लपुत्तांवरील आरोप

तथागतांच्या संघालाही या प्रश्नाला सामोरे जावे लागले होते. चिंचा माणविकेने केलेला आरोप आणि सुंदरी परिव्राजिकेच्या हत्येचे संघावर आलेले बालंट या दोन कथा आपल्या वाचकांना परिचित आहेत. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांना स्थान दिले आहे. परंतु संस्था चालवणाऱ्यांसाठी विनयपिटकातील दब्ब मल्लपुत्तांची कथा अधिक बोधप्रद आहे, असे आम्हांस वाटते.

राजगृहाच्या वेळुवनात आयुष्मान दब्ब यांच्याकडे भिक्खूंच्या निवासाची आणि भोजनाच्या निमंत्रणांची वाटणी करण्याचे काम होते. आजच्या भाषेत ते वसतिगृहाचे अधीक्षकच. मेत्तिय आणि भुम्मजक यांच्या गटातील भिक्खूंच्या वाट्याला वारंवार हलका निवास आणि हलके भोजन येई. एकदा उत्तम भोजनाबद्दल प्रसिद्ध असलेल्या गृहस्थाच्या घरी त्यांची पाळी आली, तर तेथेही त्यांना कण्या आणि आंबील वाढण्यात आली. हे दब्बांचेच कारस्थान, असा त्यांनी ग्रह करून घेतला. त्यांनी मेत्तिया नावाच्या भिक्खुणीला पुढे केले आणि दब्बांनी आपल्याला भ्रष्ट केले, अशी तक्रार तिच्याकरवी थेट भगवंतांपुढे मांडली.

भगवंतांनी संघाला एकत्र केले. दब्ब अर्हत होते, त्यांची कीर्ती निष्कलंक होती. तरीही भगवंतांनी सर्वांसमक्ष त्यांना विचारले की, ही भिक्खुणी म्हणते तसे काही केल्याचे तुम्हांला आठवते काय? दब्बांनी उत्तर दिले की, मी कसा आहे हे भगवंत जाणतातच. हे उत्तर पुरेसे मानले गेले नाही. तीनदा तोच प्रश्न झाला आणि अखेर भगवंतांनी बजावले की, असे आडून बोलू नका. केले असेल तर केले म्हणा, केले नसेल तर नाही म्हणा. तेव्हा दब्बांनी स्पष्ट नकार दिला. पुढे आरोपामागे असलेल्या भिक्खूंची उलटतपासणी झाली आणि द्वेषापोटी आपणच हे घडवून आणल्याची कबुली त्यांनी दिली. निराधार गंभीर आरोप करणे हा संघादिसेस वर्गातील अपराध ठरला. दब्बांना ‘सतिविनय’ देण्यात आला, म्हणजे त्यांची निर्दोषता संघाने विधिपूर्वक, सर्वांसमक्ष जाहीर केली.

या कथेतील चार गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. आरोप दडपला गेला नाही. आरोपीची पूर्वकीर्ती हे उत्तर म्हणून स्वीकारले गेले नाही. आरोपाच्या मागे कोण आहे, याचा तपास झाला. आणि निर्दोषता जाहीरपणे घोषित झाली. त्या निर्णयात मेत्तिया भिक्खुणीलाही संघ सोडावा लागला. ती प्रौढ होती. इतरांनी पुढे केलेल्या बालकाला आजचा कायदा शिक्षा करत नाही, आणि ते योग्यच आहे.

याच विनयात ‘अनियत’ नावाचे दोन नियम आहेत. एखादा भिक्खू स्त्रीसोबत एकांतात बसलेला विश्वासार्ह उपासिकेने पाहिला आणि तिने तसे सांगितले, तर त्याची चौकशी झालीच पाहिजे, असे ते नियम सांगतात. त्यांच्या मुळाशी श्रावस्तीच्या विशाखेने केलेली तक्रार आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी एका गृहस्थ स्त्रीच्या शब्दावर भिक्खूची चौकशी होऊ शकत होती. निराधार आरोपाविरुद्धचा नियम आणि तक्रारीला दाद देणारा नियम हे एकाच विनयात नांदतात. त्यांतला एक पाळून दुसरा सोडता येत नाही.

आपल्या समाजाला दोन्ही अन्याय ठाऊक आहेत

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट आठवते. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. एखाद्या जमातीत जन्म घेणे हाच आरोप आणि तोच पुरावा, अशी त्याची रचना होती. हजेरी लावणे, परवान्याशिवाय गाव न सोडणे, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात राहणे हे माणसांच्या नशिबी आले. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. ज्यांचे पणजोबा त्या कुंपणात राहिले, अशा विमुक्त कुटुंबांतील मुले आज राज्यातील वसतिगृहांत शिकत आहेत. म्हणणे ऐकून न घेता माणसाला दोषी ठरवणे म्हणजे काय, हे या समाजांना कोणी शिकवण्याची गरज नाही.

परंतु ज्यांची तक्रार कोणी ऐकली नाही, असाही हाच समाज आहे. आपल्या माणसांची फिर्याद पाटलाच्या ओट्यावरून परतवली गेली आणि पोलीस ठाण्यातही नोंदली गेली नाही, याच्या आठवणी घरोघरी आहेत. निवासी शाळेतले गरीब घरचे मूल या दुर्बळांतही दुर्बळ. त्याचे आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर दूर गेलेले असतात. अशा मुलाचा शब्द ‘पोर खोटे बोलते’ म्हणून झटकून टाकणे हा तोच जुना अन्याय होय. म्हणून या विषयात आपल्याला एकाच बाजूचे होता येत नाही.

‘खोटा’ म्हणजे नेमके काय?

बोलण्याच्या ओघात आपण सिद्ध न झालेल्या प्रत्येक आरोपाला खोटा म्हणतो. हे चूक आहे. काही आरोप खरे असूनही पुराव्याअभावी टिकत नाहीत. काहींत घटना खरी असते, पण व्यक्ती ओळखण्यात चूक होते. काहींत कृती घडलेली असते, पण तिचा अर्थ वेगळा असतो. खरजेवर मलम लावणे, अंथरूण ओले केलेल्या मुलाचे कपडे बदलणे, अशा सेवेच्या कृतींचे तिसऱ्याने चुकीचे वर्णन केलेले असते. काहींत मुलाचे मूळ बोलणे मोठ्यांच्या तोंडी फिरता फिरता बदलते. आणि काही आरोप जाणूनबुजून रचलेले असतात. त्यांमागे सहसा मूल नसते, मोठी माणसे असतात. संचालक मंडळातील गटबाजी, बदलीचा राग, भोजन ठेक्याचा वाद, गावकीचे वैर ही त्यांची कारणे. दब्बांच्या कथेतही वादाचे मूळ अन्नच होते, हे विसरता येत नाही.

पोक्सो कायद्याने, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ ने हा भेद ओळखला आहे. त्यातील कलम २२ नुसार, गंभीर गुन्ह्याची खोटी तक्रार अपमान करणे, पैसे उकळणे, धमकावणे किंवा बदनामी करणे याच हेतूने करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र तक्रार बालकाने केली असेल तर बालकाला शिक्षा नाही. तसेच सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कारवाई होऊ शकत नाही, असे कलम १९ मध्येच नमूद आहे. म्हणजे शंका कळवणे आणि आरोप रचणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. ‘खोटी तक्रार केलीस तर तुरुंगात जाशील’ असे मुलाला सांगणारा कर्मचारी कायद्याच्या विरुद्ध बोलत असतो.

सद्हेतूने सत्य कसे गढूळ होते

मोठ्यांच्या विचारण्यातून मुलाचे बोलणे बदलते, असे आम्ही वर म्हटले. याचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मॅनहॅटन बीच येथे घडले. मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीतील एका कर्मचाऱ्याविरुद्ध १९८३ मध्ये एका आईने तक्रार केली. पोलिसांनी सुमारे दोनशे कुटुंबांना पत्र पाठवले. त्यात संशयिताचे नाव होते, कोणत्या प्रकारची कृत्ये झाली असावीत याचा उल्लेख होता आणि आपल्या मुलांना विचारून पाहा, असे सुचवले होते. गावभर भय पसरले. त्यानंतर शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. त्या घेणाऱ्यांचा हेतू मुलांना वाचवण्याचाच होता, पण प्रश्नांतच उत्तरे दडलेली होती. ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलाला पुनःपुन्हा विचारले जाई, इतर मुलांनी सांगितले आहे असे ऐकवले जाई आणि ‘हो’ म्हटल्यावर कौतुक होई.

सात जणांवर आरोप ठेवले गेले. पाच जणांवरील आरोप १९८६ मध्ये मागे घेतले गेले. खटला १९९० मध्ये संपला, तेव्हा एकावरही दोष सिद्ध झालेला नव्हता. मुख्य आरोपीने तोवर सुमारे पाच वर्षे कोठडीत काढली होती. त्या मुलांपैकी एकाने २००५ मध्ये, प्रौढ झाल्यावर, आपण मोठ्यांना हवे ते सांगत गेलो होतो, असे जाहीरपणे लिहिले.

ही हकीकत आम्ही मुलांवर अविश्वास दाखवण्यासाठी सांगत नाही. तिचा बोध नेमका उलट आहे. मूल स्वतःहून, स्वतःच्या शब्दांत जे प्रथम सांगते, ते मोलाचे असते. मोठे त्यावर आपले शब्द चढवतात, तेव्हा निर्दोष माणूस अडकतोच. शिवाय एखाद्या मुलावर खरोखर अत्याचार झाला असेल, तर त्याची साक्षही त्याच गढूळ पाण्यात बुडते. न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये अशाच दुसऱ्या एका प्रकरणात मुलांना प्रश्न विचारण्याच्या सदोष पद्धतीवर बोट ठेवले आणि अशा साक्षींची विश्वसनीयता खटल्याआधीच तपासण्याचा मार्ग घालून दिला.

पहिल्या दिवशी काय करावे

मूल काही सांगू लागले, तर शांतपणे ऐकावे. ‘बरे झाले सांगितलेस, यात तुझा दोष नाही’ एवढे म्हणावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘अमक्याने केले ना?’ असे विचारू नये. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, तारीख व वेळ घालून लिहून ठेवावे. वर्गात, मुख्याध्यापकांपुढे आणि विश्वस्तांपुढे पुनःपुन्हा वदवून घेऊ नये. आरोपीला मुलासमोर उभे करू नये.

त्यानंतर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलीस ठाण्याला कळवावे. हा संस्थेच्या मर्जीचा भाग नाही. कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती किंवा आशंका असलेल्या प्रत्येकावर ते बंधन आहे, आणि कलम २१ नुसार आपल्या हाताखालील व्यक्तीबाबत ते न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलाचा जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय, मुलाला सोयीच्या ठिकाणी आणि त्याच्या विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यावा, अशी तरतूद आहे. खटल्यात आरोपीचा वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाही, ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. आरोपीला उत्तराची संधी मिळते आणि मुलाला त्याच्यासमोर थरथरत उभे राहावे लागत नाही.

‘आधी आपणच खात्री करून घेऊ’ हा विचार येथे सर्वांत घातक ठरतो. संस्थेने खात्री करून आरोप खोटा ठरवला, तर बाहेरचा कोणीही त्यावर विश्वास ठेवत नाही आणि निर्दोष कर्मचाऱ्यावरचा संशय जन्मभर टिकतो. त्रयस्थ तपासातून मिळालेली निर्दोषताच टिकाऊ असते.

कर्मचाऱ्याचे हक्क

आरोप झाला की कर्मचाऱ्याला मुलांपासून दूर ठेवणे अटळ आहे. परंतु हे दूर ठेवणे म्हणजे शिक्षा नव्हे, आणि संस्थेने तसे लेखी स्पष्ट करावे. सरकारी सेवकाला बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून बडतर्फ करता येत नाही, हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्ये आहे. मान्यताप्राप्त खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. त्यानुसार आरोपपत्र लेखी द्यावे लागते, निलंबनकाळात निर्वाह भत्ता द्यावा लागतो, चौकशी समितीवर कर्मचाऱ्याच्या पसंतीचा एक सदस्य असतो आणि बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. कंत्राटावरील कामाठी किंवा पहारेकरी यांना बहुधा असे छत्र नसते. संस्थेने स्वतःहून तीच रीत त्यांनाही लावणे हे समतेचे आचरण ठरेल.

कर्मचाऱ्यानेही संयम पाळावा. मुलाला किंवा पालकांना भेटून विनवण्या करू नयेत, गावातील प्रतिष्ठितांना मध्यस्थी घालू नये. तो दबाव ठरतो आणि निर्दोषालाही गोत्यात आणतो. आपल्या कामाच्या वेळा, ठिकाणे आणि साक्षीदार यांचे टिपण ताबडतोब करावे. पोक्सो कायद्यातील कलम २९ नुसार काही गंभीर गुन्ह्यांत आरोपीने गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नसल्याचे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. म्हणून कामाच्या पाळ्यांची नोंदवही, औषधवाटपाची वही, रात्रपाळीची हजेरी, कॅमेऱ्याचे चित्रण ही एखाद्या निर्दोष माणसाची एकमेव ढाल असू शकते. ही कागदपत्रे पहिल्याच दिवशी मोहोरबंद करून पोलिसांच्या स्वाधीन करावीत. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि कोठडीतील व्यक्तींना तेथे मोफत साहाय्याचा हक्क आहे.

आरोप येण्याआधीची कामे

यातील बरेचसे आधीच टाळता येते. २०२० च्या पोक्सो नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो वा कंत्राटी, ठराविक काळाने पोलीस पडताळणी करणे बंधनकारक केले आहे. त्याशिवाय, आजारी मुलाची शुश्रूषा करताना दुसरे प्रौढ माणूस हजर असावे. मुलींच्या वसतिगृहात रात्री पुरुष कर्मचारी जाणार असेल तर अधीक्षिकेसह जावा आणि तशी नोंद व्हावी. समुपदेशन दार उघडे ठेवून किंवा काचेच्या दाराआड व्हावे. तक्रारपेटी दर आठवड्याला, कर्मचारी नसलेल्या पालक-सदस्यासमोर उघडावी. हे नियम कोणावर संशय म्हणून नसतात. एकांतात न बसण्याचा नियम भिक्खूंसाठीही होता, आणि तो त्यांच्याही संरक्षणासाठी होता.

माजी विद्यार्थी आणि पालक यांच्याकडे एक मोठे काम उरते, ते जिभेचे आणि मोबाइलचे. आरोपाची बातमी आली की समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर कर्मचाऱ्याचे छायाचित्र फिरते, आणि त्याबरोबर गाव, इयत्ता असे तपशील येऊन मुलाचीही ओळख उघड होते. मुलाची ओळख उघड करणे हा कलम २३ नुसार गुन्हा आहे. चौथे शील दररोज ग्रहण करणाऱ्यांनी ऐकीव गोष्ट पुढे न पाठवणे हे त्या शीलाचेच पालन समजावे.

आणि तपासाअंती कर्मचारी निर्दोष ठरला, तर संस्थेने ‘सतिविनय’ आठवावा. गुपचूप कामावर रुजू करून घेणे पुरेसे नाही. ज्या पालकसभेत, ज्या सहकाऱ्यांपुढे निलंबनाची वार्ता पोहोचली, तेथेच निर्दोषतेचे पत्र वाचून दाखवावे. मुलाचे नाव मात्र तेथेही येऊ नये. थकलेले वेतन द्यावे, सेवापुस्तिकेत स्पष्ट नोंद करावी. तक्रार करणारे मूल त्याच शाळेत असेल, तर त्याला कोणी टोचून बोलणार नाही, याची जबाबदारी संस्थाप्रमुखाने स्वतः घ्यावी. या सर्व गोष्टी एका पानावर मावतात. ते पान प्रवेश-पुस्तिकेत पालकांसाठी आणि नेमणूकपत्रासोबत कर्मचाऱ्यांसाठी जोडले जावे, अशी विनंती आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व विश्वस्तांना करतो.